नवलकर प्रूफ

बोट यंत्राला पटत नव्हतं. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग तर्जनी झाली. काउंटरवरचा दौलत नावाचा कर्मचारी दर वेळी काच पुसायचा आणि म्हणायचा, "दाबू नका आजोबा, नुसतं टेकवा." श्यामकांत नवलकर नुसतंच टेकवत होते. यंत्रावर लाल दिवा लागत होता. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी आपण हयात असल्याचं बँकेला दाखवायचं असतं. दादरच्या त्या शाखेत सकाळपासून त्यांच्यासारखेच वीसपंचवीस जण स्टीलच्या खुर्च्यांवर हात मांडीवर ठेवून बसले होते. छत्तीस वर्षं कॉलेजात खडू धरला, रेषा झिजल्या असतील, असं ते मागच्या बाईंना म्हणाले आणि बाई उगाच हसल्या. तेवढ्यात काचेच्या केबिनमधून एक अधिकारी बाई बाहेर आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, गळ्यात ओळखपत्र, चष्मा केसांवर चढवलेला. "काय झालं दौलत? बोट घेत नाहीये? मग डोळ्याचं कर ना. थांब, सरांचं मी करते." आणि त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "नवलकर सर ना? आत या सर. मी संघमित्रा. संघमित्रा सकपाळ, दोन हजार एकची टीवाय. तुम्ही काय ओळखणार म्हणा."

"का नाही? आठवतेस की," ते म्हणाले. हे ते सगळ्यांनाच म्हणत. रस्त्यात, लग्नात, दवाखान्यात कोणी ना कोणी विद्यार्थी भेटायचा आणि त्यांच्या तोंडून हे वाक्य आपोआप निघायचं. त्यात खोटं बोलल्यासारखंही वाटायचं नाही. ते तिच्या मागोमाग केबिनमध्ये गेले, खुर्चीत बसले, तिने दुर्बिणीसारखं एक यंत्र त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. "पापणी लववू नका सर." त्या काळ्या भिंगात बघताना, पापणी न लववता, त्यांना ती खरोखर आठवली. फळ्याकडे तोंड, आपल्याकडे पाठ, हातात खडू. यंत्राने बारीक आवाज केला. "झालं," ती म्हणाली. "आता वर्षभर चिंता नाही." तिने चहा मागवला. घरी कोण कोण असतं विचारलं, गुडघे कसे आहेत विचारलं, पावती घडी करून पाकिटात घालून दिली. तिच्या वागण्यात कुठेही काही अडकलेलं नव्हतं. दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "काही लागलं तर सरळ माझ्याकडे यायचं, लाईनीत उभं नाही राहायचं."

बँकेचा जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. खाली फुलवाल्यांची गर्दी, शेवंतीचे ढीग, ओल्या पोत्यांचा वास. गिरगावची बस मिळाली, खिडकीही मिळाली. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चहा आपण प्यायलोच नाही. पाठच का आठवली असावी, तोंड का नाही? त्या दिवशी ती बराच वेळ फळ्याकडे वळूनच उभी होती आणि तिचं तोंड दिसू नये अशी आपलीच इच्छा असणार. परळच्या पुलाखालून बस जाताना त्यांनी डोळे मिटले, पण मिटलेल्या डोळ्यांपुढेही ते काळं भिंग होतंच.

फेब्रुवारी दोन हजार एक. बंगळूरच्या एका संस्थेत दर उन्हाळ्यात महिनाभराचा गणिताचा वर्ग भरायचा, देशभरातून निवडलेली तीस मुलं. तिथे गेलेली मुलं पुढे संशोधनात जायची, परदेशी जायची. त्या वर्षी कॉलेजच्या वाट्याला एक जागा आली आणि निवड परीक्षा नवलकरांनी काढली. सहा गणितं. सहावं कोणी सोडवावं म्हणून घातलेलंच नव्हतं, पेपरला वजन यावं म्हणून घातलं होतं. तीन कॉम्प्लेक्स नंबर घ्यायचे, म्हणजे कागदावर एकाच बिंदूतून निघालेले तीन बाण. मॉड्युलस म्हणजे बाणाची लांबी. तिन्ही बाणांच्या लांब्या आणि तिन्ही जोडून होणाऱ्या बाणाची लांबी, यांची बेरीज एकीकडे. दोन-दोन बाण जोडून होणाऱ्या तीन बाणांच्या लांब्यांची बेरीज दुसरीकडे. पहिली बेरीज दुसरीपेक्षा कधीही कमी भरत नाही, हे सिद्ध करायचं. दिसायला सोपं. नवलकर स्वतः त्यावर तीन दिवस बसले होते आणि चौथ्या दिवशी त्यांनी पुस्तकातलं उत्तर बघितलं होतं. पुस्तकात पानभर बीजगणित होतं, बिनचूक आणि कोरडं. आपल्याला ते सुचलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं नव्हतं. न सुचण्याची सवय त्यांना होती. पंचविशीत पीएच.डी. करायला घेतली होती, तेव्हा दोन वर्षांनी त्यांचे गाइड एकदा चहा पिताना म्हणाले होते, "नवलकर, तुम्ही फार चांगले शिक्षक व्हाल." प्रेमाने म्हणाले होते. त्यानंतर त्यांनी प्रबंधाची फाइल उघडली नाही.

संघमित्रा सकपाळने ते सहावं गणित सोडवलं होतं. सव्वा पान. मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की प्रत्येक नंबर म्हणजे एक काठी समजू. एका रेषेवर तिची सावली पाडू. मग प्रकाश सगळ्या दिशांनी फिरवू. काठी कुठेही तोंड करून असो, सगळ्या सावल्यांची सरासरी काढली तर ती काठीच्या लांबीच्या ठरलेल्या पटीतच येते. ते तिने एका छोट्या इंटिग्रलने, म्हणजे सलग बेरजेने, दाखवलं होतं. म्हणजे लांब्यांची गोष्ट सावल्यांवर आली, आणि सावल्या एका रेषेवर पडतात, म्हणजे ते साधे आकडे, धन किंवा ऋण. साध्या आकड्यांसाठी ही गोष्ट खरी आहे हे शाळेतलं पोरही तपासून बघेल. तिने चार ओळींत तपासली होती. खाली रेघ मारून संपवलं होतं. स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून नवलकरांनी ते वाचलं आणि त्यांच्या हातांवर काटा आला. इतक्या वर्षांत गणित वाचून अंगावर काटा आल्याचे प्रसंग त्यांना बोटांवर मोजता आले असते. पण त्या काट्याला लागूनच, मध्ये श्वासाएवढीही फट न ठेवता, दुसरा विचार आला होता. हे हिचं नाही.

का नाही, याची कारणं त्यांच्याकडे तयार होती. तिला सहामाहीत बावन्न मार्क होते. मराठी माध्यमातून आलेली, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, कधी शंका विचारली नाही. परीक्षेत ती मध्येच दहा मिनिटं बाहेर गेल्याचं सुपरवायझरने नोंदवलं होतं. ही सगळी कारणं खरी होती. बस लालबागच्या सिग्नलला थांबली तेव्हा त्यांना पहिल्यांदा असं वाटलं की कारणं मागाहून आली होती. आधी नाव वाचलं होतं. दुसरा उमेदवार होता विहंग, त्यांच्याच गिरगावातला, ज्याच्या आजोबांना ते ओळखत, ज्याच्या घरातली पुस्तकांची कपाटं त्यांनी पाहिली होती. त्याने चार गणितं नीटनेटकी सोडवली होती. हेच सव्वा पान विहंगच्या पेपरात असतं तर ते घेऊन आपण स्टाफरूमभर फिरलो असतो, शिपायालासुद्धा दाखवलं असतं. त्याला बावन्न असते तरी. तो अर्धा तास बाहेर गेला असता तरी. बस सुरू झाली. शेजारच्या माणसाने विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" ते म्हणाले, "नाही नाही, ऊन लागलं."

तेव्हा त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. पेपर टेबलावर पालथा ठेवला होता. "सहावं कुठून आणलंस?" तिला वाटलं कौतुकाने विचारताहेत. ती हसली होती, हे आता आठवत होतं. "सर, सुचलं." "कसं सुचलं?" "आमच्या चाळीत गॅलरीत कपडे वाळत घालायची काठी असते सर. दिवसभर तिची सावली लहानमोठी होत राहते. भोईवाड्याला, आमची दुसऱ्या माळ्याची गॅलरी आहे..." "ही गोष्ट झाली. मी गणित विचारतोय. बाहेर कोण भेटलं तुला?" "कोणी नाही सर. मी खिडकीपाशी उभी होते." "दहा मिनिटं?" "हो सर." "कोण होतं तिथे?" मग त्यांनी तिला खडू दिला आणि फळ्याकडे बोट केलं. तिने बाण काढला, रेषा काढली, इंटिग्रलचं चिन्ह काढलं. तिथे त्यांनी अडवलं. "इथे इंटिग्रल आणि बेरीज यांचा क्रम बदललास. कशाच्या आधारावर?" तिचा हात थांबला. एवढंच. भिंतीवरच्या घड्याळात त्यांनी पाहिलं होतं, चार मिनिटं ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली, एक अक्षर न लिहिता. तिच्या कुडत्यावर पाठीला खडूची एक पांढरी पट्टी होती. मग ते मऊपणाने म्हणाले होते, "हे बघ, मी रिपोर्ट करत नाही. केलं तर वर्ष जाईल तुझं. पेपर माझ्याकडेच राहू दे. जा." त्या संध्याकाळी ते चालत गिरगावात आले होते आणि आपण एका गरीब मुलीचं वर्ष वाचवलं असं त्यांना वाटलं होतं. नलूला, बायकोला, त्यांनी तसं सांगितलंही होतं.

प्रश्नच चुकीचा होता. हे त्यांना पुढच्याच आठवड्यात कळलं होतं, आंघोळ करताना. क्रम बदलण्याचा प्रश्न येतो तो बेरीज न संपणारी असेल तेव्हा. इथे सात पदं होती. सात पदांची बेरीज इंटिग्रलच्या आत घ्यायला, बाहेर काढायला कुठलाच आधार लागत नाही, ते पहिल्या वर्षाचं पोरही करतं. उत्तर नसलेल्या प्रश्नाचं उत्तर ती चार मिनिटं शोधत होती. अंगावर पाणी ओतून घेत ते तसेच उभे राहिले होते आणि मग त्यांनी विचार केला होता की तिला हे माहीत असायला हवं होतं. ज्याचं प्रूफ आहे त्याला माहीत असतं. विहंगचं नाव तोवर बंगळूरला गेलेलं होतं.

खोताच्या वाडीच्या तोंडाशी त्यांची जुनी इमारत. वर आले तेव्हा नलू वाटाणे सोलत होती. "मिळाला हयातीचा दाखला?" "मिळाला." "बरं झालं, एक काम संपलं." ते उभेच होते. समोरच्या भिंतीवर, फ्रिजच्या वर, काचेची फ्रेम होती. ते रिटायर झाले तेव्हा विद्यार्थ्यांनी दिलेली. आत ते सव्वा पान सुबक टाइप करून, मध्ये बाणांची आकृती, वर सोनेरी अक्षरांत 'नवलकर प्रूफ'. आठ वर्षं ते रोज त्या फ्रेमखालून पाण्याची बाटली घेत होते. हे एका दिवसात झालं नव्हतं. दोन हजार चार साली एका वर्गात शेवटची वीस मिनिटं उरली होती आणि त्यांनी सहज ते गणित फळ्यावर घेतलं. काठी, सावली, फिरणारा प्रकाश. खडू खाली ठेवला तेव्हा वर्गात जी शांतता होती तशी त्यांनी कधीच ऐकली नव्हती. मग मुलांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, "सर, कोणाचं आहे हे?" ते म्हणाले, "आहे एकाचं," आणि डस्टर उचललं. पुढच्या वर्षी कोणी विचारलं तेव्हा ते नुसते हसले. त्याच्या पुढच्या वर्षी मुलं आधीच ऐकून आलेली होती, "सर, ते तुमचं प्रूफ कधी घेणार?" नाही म्हणायची एक वेळ असते, ती निघून गेली की नाही म्हणणं हाच एक प्रसंग होऊन बसतो. निरोपाच्या समारंभात फ्रेम हातात घेतल्यावर त्यांना भरून आलं होतं. सगळ्यांना वाटलं कॉलेज सुटतंय म्हणून.

"नलू, ती मुलगी आठवते तुला? मी रिपोर्ट केला नाही ती?"

"कॉपी केलेली?"

"कॉपी नव्हती."

नलूने वाटाणे सोलणं थांबवलं नाही. "कधीपासून माहितीय तुम्हाला?"

आंघोळीच्या दिवसापासून की काटा आला तेव्हापासून? ते म्हणाले, "आज भेटली. बँकेत ऑफिसर आहे."

"मग चांगलं आहे की. आता कशाला ते?" आणि थोड्या वेळाने, वाटाण्यांकडे बघतच, "तुमचा चेहरा फार वाईट दिसतोय. पडा जरा."

ते पडले नाहीत. नलू दुपारी झोपल्यावर त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. पेपर कुठे आहे हे त्यांना नेमकं माहीत होतं. अर्धवट प्रबंधाच्या फाइलमध्ये. तिथेच का ठेवला होता याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. शाई तपकिरी झाली होती. गोल, जरा उजवीकडे कललेलं अक्षर, एका ठिकाणी स्पेलिंग खोडून पुन्हा तेच चुकीचं लिहिलेलं. मार्कांची चौकट रिकामी होती. शून्यसुद्धा दिलं नव्हतं. त्यांनी ते सव्वा पान पुन्हा वाचलं आणि अडुसष्टाव्या वर्षी, पंख्याखाली जमिनीवर बसून, पुन्हा त्यांच्या हातांवर काटा आला. मग त्यांना उठता येईना. गुडघे आखडले होते. हाक मारली असती तर नलू आली असती, पण त्यांनी मारली नाही. वाडीतून पाववाल्याची घंटी आली, कोणाच्या तरी घरात मिक्सर फिरला. विहंग आता परदेशात प्रोफेसर आहे, दिवाळीला न चुकता फोन करतो. त्याला काही सुचलं का, म्हणजे त्याचं स्वतःचं असं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आणि हिला पुढे काय काय सुचलं असतं? त्यांच्यासारख्याला ते मोजताही आलं नसतं. गाइडने निदान चहा पाजून, खरं तेच सांगितलं होतं.

पाच दिवस त्यांनी काढले. बोलायची वाक्यं जुळवली, मोडली. पत्र लिहायचं ठरवलं, मग पत्र म्हणजे पळवाट असं वाटलं. सहाव्या दिवशी पेपर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ते दादरला गेले. दुपारचे साडेतीन वाजले होते, बँकेत गर्दी ओसरली होती. संघमित्राने त्यांना काचेतून पाहिलं आणि हात केला. "या सर. काय, पेन्शन जमा नाही झाली का?"

"तसं नाही. जरा तुझ्याशी बोलायचं होतं. दहा मिनिटं."

तिने केबिनचं दार लावून घेतलं. त्यांनी फोल्डरमधून पेपर काढून तिच्यापुढे ठेवला. जुळवलेल्या वाक्यांतलं पहिलं वाक्य आठवेना. तिने चष्मा डोळ्यांवर ओढला, पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, पान उलटून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"हे अजून आहे तुमच्याकडे?"

"अक्षर ओळखलंस?"

"अक्षर माझंच आहे." तिने एका ओळीखाली बोट धरलं. "पण सर, हे मला आता कळतसुद्धा नाही. हे काय आहे, इंटिग्रल ना? बापरे."

"संघमित्रा, हे बरोबर आहे. शब्द न् शब्द बरोबर आहे. तेव्हाही होतं. मी तुला जो प्रश्न विचारला ना, क्रम बदलण्याचा, तो चुकीचा होता. त्याला उत्तरच नव्हतं. चूक माझी होती. हे तुझं होतं."

ती त्यांच्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तशी, मऊ नजरेने. "असू द्या हो सर. किती वर्षं झाली. मी केव्हाच विसरले."

"विसरायचं नाहीये. तू कॉपी केली नव्हतीस."

"केली असणार सर," ती हलक्या आवाजात म्हणाली. बाहेर दौलत कोणाला तरी फॉर्म भरायला सांगत होता. "तुम्ही विचारत होतात ना, बाहेर कोण भेटलं, कोण भेटलं. मी घरी जाऊन तेच आठवत बसले. महिनाभर. खिडकीपाशी कोणीतरी होतं का, एमएस्सीची मुलं असायची तिथे, गप्पा मारत. त्यांचं काहीतरी कानावर पडलं असेल. नाहीतर मला कुठून येणार हे? सहामाहीत पन्नास की काय होते मला. आणि माझंच असतं तर फळ्यावर आलं असतं ना सर. माझंच आणि मलाच येत नाही, असं कसं होईल?"

"काठी. तू काठीचं सांगितलं होतंस. तुमच्या गॅलरीतली, कपड्यांची. तिची सावली."

तिने भुवया आकसून आठवून पाहिलं, खरोखर पाहिलं. "काठी? आमच्याकडे दोरी होती वाटतं. नक्की नाही आठवत. बिल्डिंग पडली आता ती, टॉवर होतोय."

एक गोष्ट अजून शिल्लक होती, सगळ्यात अवघड, आणि ती सांगितली की तिला पटेल असं त्यांना वाटलं. आपण किती खालपर्यंत गेलो होतो हे ऐकल्यावर तरी पटेल. "मी हे दरवर्षी वर्गात शिकवलं. बारा वर्षं. मुलं याला नवलकर प्रूफ म्हणतात. माझ्या नावाने. मी कोणाला सांगितलं नाही की..."

"बघा!" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम मोकळं हसू आलं. "म्हणजे तुमचंच होतं की सर. मग मी तुमच्याच लेक्चरमधून उचललं असणार. तुम्ही कधीतरी बोलता बोलता सांगितलं असणार, आमच्या डोक्यात राहिलं. एमएस्सीची मुलं नसतीलच मग."

"नाही. मी नंतर शिकवलं. तुझं वाचून शिकवलं. ऐक, आधी तू—"

"सर, पाणी घ्या." तिने ग्लास पुढे सरकवला. "तुम्ही मनाला लावून घेतलंत उगाच. मीच तुम्हाला सॉरी म्हणायला आले होते तेव्हा, दोनदा आले, तुम्ही केबिनमध्ये नव्हतात. घरी सगळं सांगितलं मी. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, सरांनी रिपोर्ट केला नाही ना, मग डिग्री घे आणि परत असं करायचं नाही. बँकेची परीक्षा दिली तेव्हा पहिल्या बाकावर बसले, सुपरवायझरच्या समोर, मान वर केली नाही तीन तास." ती बोलत होती आणि बोलता बोलता पेपर हातात घेऊन त्याच्या कडा जुळवत होती. "माझी मुलगी आता अकरावीला आहे. कॉमर्सला घातली. म्हटलं नको ते गणित." मग तिने पेपर मधोमध फाडला. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडला. बँकेत जुने चेक फाडतात तसा, नीट, घाई न करता. ते उठू पाहत होते, हात पुढे झाला होता. तुकडे तिने टेबलाखालच्या टोपलीत टाकले आणि हात झटकले.

"थँक्यू सर. खरंच थँक्यू. एवढ्यासाठी तुम्ही गिरगावातून आलात. दुसरा कोणी असता तर हे वर पाठवलं असतं, नाहीतर दाखवत फिरला असता. तुम्ही जपून ठेवून मला आणून दिलंत." तिचे डोळे भरले होते. "डोक्यावर एक ओझं होतं बघा, कोणाच्या तरी हातात ते असेल म्हणून. आज गेलं."

नवलकरांनी तोंड उघडलं. सात पदं, चार मिनिटं, आंघोळीचं पाणी, हे सगळं त्यांना सांगायचं होतं. पण कोणतं वाक्य आधी ठेवलं तर त्यातून दुसरं निघेल हे त्यांना दिसेना. तिच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर त्यांनीच तिला शिकवलेलं होतं. तिने फोन उचलला होता. "थांबा हं, आईला सांगते तुम्ही आलात ते. तिला किती आनंद होईल. हॅलो, आई? नवलकर सर आलेत गं, बँकेत. हो, तेच. समोर बसलेत. बोलतेस?" आणि त्यांनी हो-नाही म्हणायच्या आत फोन त्यांच्या कानाशी आला. पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली, मग एक म्हातारा, खणखणीत आवाज आला.

"सर, मी संघमित्राची आई, बकुळा. तुमाला बघितलं नाय कधी, पण आमी इसरलो नाय हां. हिचे बाबा जायपर्यंत तुमचं नाव काढीत होते. दुसरा कोण असता तर पोरीचा जलम फुकट गेला असता. तुमी पदरात घेतलीत तिची चूक. आज जी काय आहे ना सर, ती तुमच्यामुळे आहे."

संघमित्रा टेबलावर कोपरं टेकून त्यांच्याकडे बघत होती, हसऱ्या, ओल्या डोळ्यांनी. काचेपलीकडे दौलत शटर अर्धं खाली ओढत होता.

"सर? ऐकताय ना?"

"हो," नवलकर म्हणाले. मग त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, वर्गातला, सवयीचा, समजूतदार. "त्यात काय एवढं, बाई. लहान होती. चुकतं माणूस."

"तेच तर," पलीकडून बकुळाबाई म्हणाल्या. "तेच तर आमी म्हणतो."